बोरन्हाणाच्या तारखेआधी: हलव्याच्या दागिन्यांच्या ऑनलाइन विक्रीच्या प्रकल्प नोंदी, इंदूर

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

रामबागेत काकूंच्या घरी बसून काम वाटून घेतलं. काकू वर्षानुवर्षं संक्रांतीला हलव्याचे दागिने करतात, पण ते आजवर ओळखीच्या घरांपलीकडे गेलेले नाहीत. यंदा ऑनलाइन विक्री सुरू करायची. दागिने काकूंचे. हिशेब, खोकी आणि पोस्ट वहिनीकडे. गिऱ्हाईक कुठून आणि कसं आणायचं, हे माझ्याकडे. ही वही त्याच भागाची.

मी आधी काकूंना विचारलं, किती सेट होतील? त्या म्हणाल्या, "ते हवेला विचार." मग त्यांनी नीट समजावलं. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, मंद आचेवर ठेवायचा, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी सतत फिरवत राहायचं. पुटावर पूट चढतं, मग काटा फुटतो. एका घाण्याला दिवसचे दिवस जातात. थंडी आणि कोरडी हवा असेल तरच काटा धरतो, पावसाळी हवेत हलवा चिकटतो. म्हणजे हलवा होणार दिवाळीनंतरच. त्याआधी पुठ्ठ्याचे साचे, जर, लेस, दोरे यांची तयारी. सगळं धरून साठेक सेट होतील, त्याहून जास्त नाहीत.

हे ऐकून काम सोपं झालं. साठ घरांसाठी लाखो लोकांपर्यंत जायची गरज नाही. ती साठ घरं कोणती, एवढंच शोधायचं.

२४ ऑगस्ट, रविवार

आज दिवसभर पंचांग घेऊन बसले. विक्रीचा हंगाम संक्रांत ते रथसप्तमी. संक्रांत १४-१५ जानेवारीला ठरलेली, रथसप्तमी मात्र तिथीने येते आणि दरवर्षी सरकते. २०२४ मध्ये ती १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे महिन्याहून मोठा हंगाम. २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला, तीन आठवडे. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीलाच आहे. संक्रांत १४ तारखेला, बुधवारी. हातात बाराच दिवस.

त्यातही सगळे दिवस कामाचे नाहीत. १५ तारखेला किंक्रांत, त्या दिवशी कुणी बोरन्हाण घालत नाही. नोकरी करणारी घरं शनिवार-रविवार बघतात. १७ जानेवारीचा शनिवार चांगला आहे. १८ च्या रविवारी मौनी अमावास्या, ती बरीच घरं टाळतील. मग २४ चा शनिवार आणि २५ ची रविवारची रथसप्तमी. म्हणजे पाहायला गेलं तर दोनच मोठे मुहूर्त: १७ जानेवारी, आणि २४-२५ जानेवारी.

आराखड्याचा पाया हाच धरते. लोक बोरन्हाणाची एक तारीख ठरवतात आणि त्या तारखेला लागणारी वस्तू शोधतात. दागिने १९ तारखेला पोहोचले तर १७ च्या घराला त्यांचा काही उपयोग नाही, मग ते कितीही सुंदर असोत. म्हणून आपण सवलत विकायची नाही, ‘वेगळी डिझाइन’ही विकायची नाही. तुमच्या तारखेआधी घरी पोहोचेल, हा शब्द विकायचा. जाहिरात, किंमत, पोस्ट, ऑर्डर बंद करायचा दिवस, सगळं या एका वाक्यातून मागे मोजत यायचं.

वहिनीला दाखवलं. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयात दोन्ही मुहूर्तांना लाल गोल केला.

२ सप्टेंबर, मंगळवार

पहिल्या यादीत अमेरिका वरच्या बाजूला होती. तिथली मराठी घरं बोरन्हाण हौसेने करतात आणि खर्चाला मागे बघत नाहीत. पण ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर तिथे असलेली करमाफी २९ ऑगस्टपासून उठली आणि आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. खासगी कुरियर आहे, पण त्याचा खर्च सेटच्या किमतीच्या वर जातो.

अमेरिका यंदा नाही. यादीत आता बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली-गुरुग्राम, अहमदाबाद, भोपाळ आणि अर्थात इंदूर. पुणे आणि मुंबई मुद्दाम मागे ठेवली. दादरला आणि तुळशीबागेत जानेवारीत हे दागिने समोर दिसतात, हात लावून घेता येतात. ज्या गावात मराठी घर आहे पण मराठी बाजार नाही, तिथे काकूंच्या हलव्याची खरी गरज आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

गुगल ट्रेंड्सवर हलव्याच्या दागिन्यांच्या शोधांचा पाच वर्षांचा आलेख पाहिला. तिथे शोधांची संख्या मिळत नाही, शून्य ते शंभर अशा मापात चढ-उतार कळतो. आकार अगदी स्पष्ट आहे: वर्षभर सपाट रेघ, डिसेंबरच्या शेवटी चढ, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सुळका, मग परत सपाट. नव्या वेबसाइटचं पान गुगलच्या ओळखीचं व्हायला वेळ लागतो. डिसेंबरात पान टाकलं तर सुळका निघून जाईल, म्हणून पान याच महिन्यात वर जाणार. दागिने अजून झालेले नसले तरी चालेल, माहिती तर आहे.

शब्दांचाही विचार केला. लोक देवनागरीत कमी, रोमन लिपीतच जास्त टाइप करतात. ‘हलव्याचे’ हा शब्द कुणी ‘डब्ल्यू’ने लिहितं, कुणी ‘व्ही’ने. ‘बोरन्हाण’ची तर किती रूपं! ही सगळी रूपं पानावर सहज वाक्यांत आली पाहिजेत, ओळीने कोंबलेली नकोत. आणि ‘दागिने’ न शोधता ‘बोरन्हाण कसं करतात’ असं शोधणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी वेगळं पान: काय काय लागतं (बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या, हल्ली चॉकलेटं), बाळाला काळं झबलं का, कुठल्या वयापर्यंत करतात, ओवाळायचं कधी. सगळं काकूंच्या तोंडून लिहून घेतलं. हेच पान हिंदीतही करायचं. इंदुरात मालवी किंवा मारवाडी घरांतून मराठी घरांत आलेल्या कितीतरी सुना आहेत. सासूबाईंना पुन्हा पुन्हा विचारायला संकोचतात, आणि त्यांना हे मनापासून करायचं असतं.

पानाच्या तळाशी आमचा पूर्ण पत्ता, तक्रार कुणाकडे करायची, पैसे परत कधी मिळतील, हे सगळं स्पष्ट घातलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते द्यावंच लागतं. पण नियम नसता तरी दिलं असतं. पैसे आगाऊ भरणाऱ्या अनोळखी माणसाला रामबागेतलं घर दिसलं पाहिजे.

५ ऑक्टोबर, रविवार

आज बराच वेळ एकाच गोष्टीत गेला: गिऱ्हाईक नेमकं कोण.

शोधणारी आणि ठरवणारी व्यक्ती एक नाही. शोधते बंगळुरूतली आई, रात्री बाळ झोपल्यावर, फोनवर. दुवा पाठवते आपल्या आईला किंवा सासूला. ती आजी फोटो मोठा करून बघते आणि म्हणते, "हा खरा हलवा आहे ना? का थर्माकोलचे मणी?" आजीने मान डोलावली की पैसे भरले जातात. म्हणून पानावर दोघींना हवं ते पाहिजे. आईला तारीख, किंमत आणि बाळाला टोचेल का याचं उत्तर. आजीला काटा दिसला पाहिजे, आणि कोण करतं ते कळलं पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. विक्रीच्या कुठल्याही हिशेबात मानतात की गिऱ्हाईक परत येतं, म्हणून पहिल्यांदा आणायला थोडा जास्त खर्च झाला तरी चालतो. इथे तसं नाही. नव्या सुनेची पहिली संक्रांत एकदाच येते. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करतात, पण नव्याने दागिने घेतात ते बहुतेक पहिल्याच वर्षी. म्हणजे तेच घर फिरून यायला काही वर्षं जाणार. पण बोरन्हाणाला शेजारची, नात्यातली, सोसायटीतली पोरं जमतात, त्यांच्या आया जमतात, फोटो निघतात. एका सेटला वीस-पंचवीस बायका जवळून बघतात आणि त्यातल्या एखादीच्या घरी पुढच्या वर्षी बाळ असणार. आपलं दुसरं गिऱ्हाईक पहिल्या गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात बसलेलं आहे. जाहिरातीचा पैसा पहिल्या घरापर्यंतच, तिथून पुढे खोक्याने काम करायचं.

म्हणून खोक्यावर खर्च वाढवला. झाकण उघडलं की वर काकूंच्या हस्ताक्षरातलं कार्ड, मागे आमचा नंबर आणि पानाचा पत्ता. ते टाकून न देता मुलाच्या वहीत ठेवावंसं वाटेल असं करायचं.

किमतीवर काकूंशी बोलणं झालं. बाळकृष्ण सेट: मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा, बासरी. त्या म्हणाल्या, पाचशे ठेवू. मी त्यांच्या मजुरीचे तास मांडले, साखर, जर, खोकं आणि पोस्ट धरलं, तर खर्चच आठशेच्या घरात जातो. ११५० ठरवले. जाहिरातीला एका ऑर्डरमागे १२० च्या वर जायचं नाही. पाचशे ठेवले असते तर काकूंच्या बोटांची किंमत शून्य झाली असती, आणि ती होऊ द्यायची नाही, हे मी आराखड्यात पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. नववधूचा सेट वेगळा: मंगळसूत्र, तन्मणी, नथ, बांगड्या, मेखला, आणि जावयासाठी हार, नारळ, घड्याळ. तो आगाऊ मागणीवरच करायचा.

खाण्याचा सुटा हलवा यंदा विकायचा नाही. त्याचा परवाना आणि लेबल हे वेगळं काम आहे. दागिन्यांवर ‘खाण्यासाठी नाही’ असं ठळक लिहायचं, कारण त्यांत दोरा, तार, डिंक, जर असते. आणि बाळाचं सगळं तोंडात जातं. सुटलेला मणी घशात अडकू शकतो. काकूंनी प्रत्येक ओवणीला दुहेरी गाठ घ्यायचं कबूल केलं. कार्डावर सूचना: मोठ्या माणसाने जवळच राहावं, फोटो झाले की दागिने उतरवावेत. विक्रीच्या पानावर अशी सूचना घातली तर गिऱ्हाईक घाबरेल, असं वहिनीला वाटलं. माझं मत उलट आहे. ज्या आईला ही काळजी आहे तिला ती आम्हालाही आहे हे कळू दे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अमेरिकेची टपालसेवा कालपासून पुन्हा सुरू झाली. पण ५० टक्के शुल्क इथेच आगाऊ भरायचं आहे. निर्णय बदलत नाही.

देशातले स्पीड पोस्टचे दरही १ तारखेपासून बदलले आहेत, आणि आता ओटीपी घेऊन पार्सल देण्याची सोय आली आहे. सोसायटीच्या फाटकावर पार्सल हरवण्याची भीती कमी होईल. वहिनीने नव्या दरांनी हिशेब केला, ११५० मध्ये बसतं.

आता दिवाळी. या दिवसांत सगळेच जाहिराती करतात, म्हणून त्या महाग पडतात. आपण गप्प राहायचं.

२ नोव्हेंबर, रविवार

पहिला घाणा झाला! काटा उत्तम आहे. काकूंनी परात उन्हात धरून दाखवली, मला शब्द सुचेना.

फोटो लगेच काढले. समोरून उजेड घेतला तर हलवा नुसता पांढरा ठिपका दिसतो. काळ्या खणावर ठेवून खिडकीचा तिरपा उजेड घेतला की प्रत्येक काटा वेगळा दिसतो. आजीला हवा तो पुरावा हाच. रील तर साधीच: परात, काकूंची बोटं, पाकाचा चमचा, मागे कढईचा आवाज. गाणं घातलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

जाहिरात सुरू. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर, ठरवलेली शहरं, भाषा मराठी. दोन प्रकार सोबत चालवले: एकात तयार सेट घातलेला बाहुला, दुसऱ्यात काकूंची बोटं. दोन्हींखाली एकच ओळ: ‘बोरन्हाण कधी आहे ते सांगा, त्याआधी पोहोचवू.’

ऑर्डरच्या फॉर्मवर पहिला रकाना पत्त्याचा नाही, बोरन्हाणाच्या तारखेचा.

घरी पार्सल आल्यावर पैसे देण्याची सोय ठेवली नाही. रथसप्तमीनंतर परत आलेला सेट वर्षभर पडून राहणार. पैसे आगाऊ, आणि तारखेआधी पोहोचलं नाही तर सगळे परत, काहीही न विचारता. हे वाक्य पानावर वरच आहे.

व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट मोजूनच वापरायचा. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर साठवलेला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर इथल्या महिला मंडळांतून आम्ही आधी नंबर साठवून घ्यायची विनंती केली. ‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाला आलेल्या मैत्रिणींनाही वहिनीने सांगितलं. त्यांचे मुलगे-मुली बाहेरगावी आहेत, खरं गिऱ्हाईक तेच.

६ डिसेंबर, शनिवार

या आठवड्यात देशभर विमानं मोठ्या संख्येने रद्द झाली. आमचं एकही पार्सल अजून वाटेत नाही, पण हे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झालं असतं तर? १७ जानेवारीच्या घरांसाठी शेवटचं पार्सल ९ तारखेला निघणार होतं. आता ५ तारखेला निघेल, आणि २४-२५ साठी १२ तारखेला. पानावर तारखा बदलल्या. काकूंना चार दिवस आधी सेट द्यावे लागतील. त्या म्हणाल्या, "सकाळी लवकर बसेन."

२१ डिसेंबर, रविवार

बोटांची जाहिरात बाहुल्याच्या जाहिरातीपेक्षा स्वस्तात ऑर्डर आणते आहे, फरक बराच आहे. बाहुला बंद केला. येणाऱ्या निरोपांत एकच प्रश्न सारखा: "हे कोण करतं?"

बंगळुरूची आई आणि इंदूरची आजी असा नकाशा मनात धरला होता. त्यात एक भर पडली. भोपाळ, उज्जैन, देवास इथल्या आज्या स्वतःच ऑर्डर देताहेत, पार्सल मात्र हैदराबादला किंवा पुण्याला पाठवायचं. यांच्यासाठी फॉर्ममध्ये ‘भेट म्हणून पाठवा’ हा पर्याय घातला, आजीचा निरोप काकू कार्डावर लिहून देतात. हा पर्याय आता सगळ्यात जास्त वापरला जातो.

३ जानेवारी २०२६, शनिवार

१७ तारखेचे सगळे सेट गेले. पानावर तसं लिहिलं, जाहिरात थांबवली. ‘फक्त दोन शिल्लक’ असली खोटी घाई आम्ही कधीच दाखवली नाही. शिल्लक आकडा वहिनी रोज रात्री वहीत बघून पानावर भरत होती. २४-२५ साठी थोडे आहेत, ते आलेल्या निरोपांतूनच जातील.

११ जानेवारी, रविवार

उद्या शेवटची रवानगी. हैदराबादच्या पार्सलांत दमट हवेसाठी सिलिका जेलच्या पुड्या घातल्या आहेत, प्रत्येकीवर लाल शाईने ‘बाळापासून दूर ठेवा’. इंदूरची घरं रामबागेतूनच घेऊन जातील. काल एक आजोबा स्वतः आले, काकूंकडे तासभर बसले, चहा झाला आणि नातवाचा मुकुट छातीशी धरून गेले.

१९ जानेवारी, सोमवार

१७ तारखेची सगळी पार्सलं वेळेत पोहोचली. फोटो यायला लागले आहेत. दिल्लीतल्या एका बाळाने मुकुट नाकावर ओढून घेतलेला आहे. सगळे काकूंना दाखवले, त्या एकेका बाळाचं नाव विचारत होत्या.

बाळाचा फोटो आमच्या पानावर टाकायचा असेल तर आईवडिलांची लेखी परवानगी पाहिजे, आणि ती मागायची घाई करायची नाही. ज्यांनी नको म्हटलं त्यांचा फोटो काकूंच्या फोनमध्ये राहील, तेवढंच.

२७ जानेवारी, मंगळवार

हंगाम संपला. एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च १२० च्या आत राहिला. शेवटच्या आठवड्यातल्या, इंदुरातल्याच ऑर्डरींना तर जाहिरात लागलीच नाही, त्या १७ तारखेला कुणाच्या तरी घरी सेट बघून आल्या. त्या बायकांची नावं वेगळ्या यादीत ठेवली आहेत, आणि पुढच्या वर्षीचा पहिला निरोप त्यांनाच जाईल.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढची रथसप्तमी लांबून १३ फेब्रुवारी २०२७ ला येते. संक्रांतीनंतर पाच शनिवार मिळतात, त्यातल्या १६ जानेवारीला किंक्रांत आणि ६ फेब्रुवारीला अमावास्या, म्हणजे तीन मुहूर्त. यंदाच्या दीडपट. तेवढे सेट एकट्या काकूंच्या हातून होणार नाहीत. लोकमान्यनगरातल्या दोन जणी शिकायला तयार आहेत, आणि काकूंची अट एवढीच की काटा धरेपर्यंत त्यांच्या हातचा हलवा विकायचा नाही. ही अट आराखड्यात घातली.

पानाचा पत्ता बदलायचा नाही, गुगलला तो आता माहीत झाला आहे. आतल्या तारखा तेवढ्या बदलायच्या होत्या, त्या आज बदलल्या.